सांता मोनिका मठ : गाळलेलीं पन्नास वर्षें

जुन्या गोव्यांतील सांता मोनिका मठाविषयीं लिहिणारे बहुतेक लेखक दोन टोकांवरच थांबतात. इ. स. १६०६ मध्यें आर्चबिशप आलेइशो द मेनेझिश यांनीं आगुस्तीनी संन्यासिनींसाठीं मठ स्थापिला, १६२७ त काम पुरें झालें, १६३६ च्या आगीनंतर पुढच्याच वर्षीं तो पुन्हां उभारला. इतकें सांगून ते १९६४ सालीं तेथें निघालेल्या मातेर देई संस्थेवर उडी घेतात. मधला काळ ‘अवनति’ या एका शब्दांत गुंडाळला जातो. ही पद्धति सदोष आहे.

पोर्तुगालनें १८३४ सालीं धर्मसंघ विसर्जित केले तेव्हां पुरुषांचे मठ तत्काळ बंद झाले. स्त्रियांच्या मठांत नवी दीक्षा तेवढी थांबली. त्यामुळें शेवटची संन्यासिनी १८८५ त निवर्तेपर्यंत सांता मोनिका हें नांदतें घर होतें. त्याच टेकडीवर त्याच संघाच्या पुरुषांचा ग्रासा मठ होता. तो १८३५ त ओस पडला. १८४२ त त्याच्या चर्चचें छत कोसळलें, १९३१ त मनोऱ्याचा मोठा भाग पडला. टेकडी एक, जांभा एक, पाऊसही एकच. सांता मोनिकेला बाहेरून भक्कम धिरे दिलेले आहेत, म्हणजे तिच्या भिंतीही अगदीं निर्धोक नव्हत्या. आमच्या मतें खरा भेद हा कीं, एका ठिकाणीं गळतें छप्पर पाहणारें माणूस आंत होतें, दुसऱ्या ठिकाणीं नव्हतें. व्याकरणांत लोप पावलेला प्रत्ययही आपलें कार्य करतो. या वृद्ध स्त्रियांचें तसेंच झालें.

पुढें पोर्तुगीज सैन्य तेथें उतरलें, याची भाविकांस हळहळ वाटते व ती योग्यच आहे. पण मध्यें चौक घेऊन जगाकडे पाठ फिरवलेली ही वास्तु छावणीस सोयीची होती, आणि छावणीलाही छप्पर लागतें. राशोलच्या सेमिनरींत १९९४ सालीं उघडलेलें ख्रिस्ती कलेचें संग्रहालय २००२ त येथें येऊं शकलें, तें वास्तु उभी होती म्हणून.

फ्रेइ आगुश्तीन्यु द सांता मारिया यांचा या मठावरील ग्रंथ १६९९ त लिस्बनला छापला. त्याची प्रत संग्राहक प्राणापलीकडे जपतो. त्यांत हीं पन्नास वर्षें असणें शक्यच नाहीं. म्हणून १८३४ ते १८८५ मधील या मठाची एखादी दुरुस्तीची पावती, कौलांचा हिशेब वा भाडेपट्टा कोणापाशीं असल्यास तो रद्दींत टाकूं नये. या मासिकाकडे त्याची नक्कल धाडावी.