वसंतराणी आणि उसनी उपमा

फाल्गुन-चैत्राच्या सुमारास मराठी लेखनांत अलीकडे एक उपमा नेमानें फुलूं लागली आहे. मुंबईस विक्रोळीजवळ महामार्गाच्या कडेचीं झाडें गुलाबी झालीं, कीं त्यांस ‘आपल्याकडील साकुरा’ म्हणावयाचें. बंगळूर शहर बहरलें, कीं ‘जपान घरींच आलें’ असें लिहावयाचें. आणि चार जिवलग स्नेह्यांनीं दोन दिवसांची सहल काढली, कीं तिच्या वर्णनाचा शेवटही याच उपमेनें गोड करावयाचा. या उपमेची परीक्षा करण्याचें आम्हीं आज योजिलें आहे. परंतु आरंभींच एक कबुली देणें प्राप्त आहे. सोलापुराहून तिघां स्नेह्यांसह बंगळुरास जाऊन आल्यावर आम्हीं जें प्रवासवर्णन लिहिलें, त्यांत ही उपमा तीन वेळां आली होती. सबब पुढील टीकेंतील पहिला आरोपी टीकाकारच आहे, हें वाचकांनीं लक्षांत असूं द्यावें.

सोलापूरकरास बंगळूर फारसें परकें नाहीं. उद्यान एक्सप्रेसमध्यें बसलें, कीं कलबुर्गी, वाडी, रायचूर अशीं स्टेशनें मागें टाकीत गाडी आपणांस तेथें नेऊन पोंचविते. आमच्या मंडळींत एक स्नेही तेलुगुभाषी विणकर घराण्यांतील, दुसरे घरीं कन्नड बोलणारे, तिसरे निवृत्त शिक्षक. सोलापुरांत असली संगत जमणें यांत नवल नाहीं. कब्बन पार्कांत सकाळच्या उन्हांत आम्ही ती फुलें पाहिलीं. झाडावर पान जवळजवळ नव्हतें. होता तो केवळ रंग, आणि खालीं वाटेवर त्याच रंगाचा सडा. आम्ही बराच वेळ कांहीं बोललों नाहीं. पुढें घरीं परतल्यावर लेख लिहून आम्हीं तो मित्रांस वाचून दाखविला. तो ऐकून कन्नडभाषी स्नेही शांतपणें म्हणाले, “अहो, लेख छान आहे, पण त्या झाडाचें नांव काय, तें तुम्हीं कुठेंच लिहिलेलें नाहीं.” आम्हीं लेख पुन्हां चाळला. नांव खरोखरच नव्हतें. साकुराचें नांव मात्र तीन वेळां होतें.

त्या झाडास नांव नाहीं असें नव्हे. वनस्पतिशास्त्रांत तें टॅबेबुया रोझिया या नांवानें ओळखलें जातें, आणि मराठींत त्यास ‘वसंतराणी’ असें सुंदर नांव मिळालेलें आहे. मूळचें तें अमेरिका खंडाच्या मध्यभागांतील. एल साल्वादोर या लहानशा देशाचा तो राष्ट्रीय वृक्ष आहे. चेरीशीं त्याचें कुळ जुळत नाहीं. चेरी गुलाबाच्या कुळांतील, तर वसंतराणीचें फूल कर्ण्याच्या आकाराचें. बंगळुरास असले वृक्ष दिसतात तेही योगायोगानें नव्हे. लालबागेचा कारभार पाहणारे जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुंबीगेल हे १८९३ मध्यें हिंदुस्थानांत आले आणि वर्षाच्या प्रत्येक ऋतूंत शहरांत कोणता ना कोणता वृक्ष फुललेला असावा, अशा धोरणानें त्यांनीं झाडांची निवड केली. म्हणजे आम्हीं पाहिली ती निसर्गाची लहर नसून कोणा विचारी माणसाची योजना होती. हें सारें आमच्या लेखांत येऊं शकलें असतें. एका उपमेनें तें सारें अडविलें.

आतां साकुरेकडे वळूं. तोक्यो, क्योतो आदि नगरांत वसंत ऋतूंत लोक मित्रमंडळीसह, शिधा बांधून, झाडाखालीं जाऊन बसतात. त्यास ‘हानामी’, म्हणजे फुलें पाहणें, असें म्हणतात. आज तेथें सर्वत्र दिसणारी सोमेइ योशिनो ही जात कलमांनींच वाढविलेली असल्यामुळें एका भागांतील सारीं झाडें एकदमच फुलतात, आणि पुरा बहर सुमारें आठवडाभरच टिकतो. क्योतो येथील बहराच्या नोंदी नवव्या शतकापासूनच्या मिळतात. २०२१ सालीं तेथील पूर्ण बहर २६ मार्चलाच आला, आणि इतका लवकरचा बहर त्या बाराशें वर्षांच्या नोंदींत तोंवर दुसरा आढळला नव्हता. विचार करण्याजोगी गोष्ट ही, कीं फूल कधीं फुललें हें बाराशें वर्षें कोणी ना कोणी लिहून ठेवीत आलें आहे. साकुरेचें वैभव केवळ पाकळींत नाहीं. तें या पाहण्यांत, नोंदण्यांत आणि एकत्र बसण्यांत आहे. आम्हीं उसनी घेतली ती पाकळी. घेण्यासारखें होतें तें तसेंच राहिलें.

आमच्या जुन्या अलंकारशास्त्राचा एक साधा दंडक आहे: उपमान हें प्रसिद्ध असावें, म्हणजे त्याच्या प्रकाशांत उपमेय उजळतें. मुख चंद्रासारखें म्हटल्यास अर्थ लागतो, कारण चंद्र सर्वांनीं पाहिलेला आहे. परंतु ज्या वाचकानें साकुरा केवळ चित्रांत पाहिली, त्यास समोरचें झाड साकुरेसारखें आहे असें सांगणें म्हणजे न पाहिलेल्याच्या आधारें पाहिलेलें समजावून देणें होय. अशा उपमेनें वस्तु दिसत नाहीं. लेखकाची उत्सुकता मात्र दिसते. फुलास त्यामुळें कांहींच लाभ होत नाहीं, उलट तें दुसऱ्या कोणाची नक्कल ठरतें.

आक्षेप परदेशी झाडास आहे, असा मात्र कोणी समज करून घेऊं नये. गुलमोहर मादागास्करचा, पण मराठी मनानें त्यास नांव दिलें, उन्हाळ्याच्या सुटींत त्याखालीं खेळ मांडला, आणि तो आपला झाला. परकेपणा झाडांत नसतो, पाहण्यांत असतो. याचा पुरावा आमच्याच प्रवासांत होता. जातांना गाडींतून बांधाबांधांवर पेटलेला पळस दिसत होता. त्यास आम्हीं पळस म्हटलें, तेलुगुभाषी मित्रांनीं मोदुग म्हटलें, कन्नडभाषी मित्रांनीं मुत्तुग म्हटलें. तीन भाषांचीं तीन नांवें एका डब्यांत एका झाडासाठीं निघालीं. सोलापुरासारख्या गांवाची याहून सुंदर ओळख कोणती देतां येईल? आणि तरीही आमच्या लेखांत पळसाला एक ओळही मिळाली नाहीं, कारण तो जपानसारखा दिसत नव्हता.

सोलापूरकरास मित्रांसह रानांत जाणें ठाऊक नाहीं, असेंही नाहीं. थंडींत ज्वारीचीं कणसें हुरड्यास आलीं, कीं माणसें शेतांत जाऊन आगटीभोंवतीं बसतात, शेंगांची चटणी पुढें येते, गप्पा रंगतात. तसेंच चैत्रांत गौरीच्या हळदीकुंकवास घरोघरीं स्त्रिया जमतात, फुलांची आरास पाहतात, आंब्याची डाळ खातात, पन्हें पितात. ही आमची हानामी नव्हे तर काय? त्याच थंडीच्या दिवसांत आमच्या रानांत करडई पिवळी-केशरी फुललेली असते. तिच्याकडे आम्ही तेलापलीकडे पाहत नाहीं. पण जपानी कवि बाशो १६८९ च्या आपल्या उत्तरेकडील पायीं प्रवासांत ओबानाझावा येथें थांबला असतां, याच करडईच्या फुलावर त्यानें हायकू रचला. तेथें या फुलापासून ओंठांस लावावयाचा लाल रंग करीत. आम्ही त्याच्या देशाचें फूल शोधीत बंगळुरास गेलों, आणि त्यानें ज्या फुलाकडे पाहिलें तें आमच्या शिवारांत उभें होतें!

मराठींत याहून चांगलें पाहणें झालेलें नाहीं काय? झालें आहे. दुर्गा भागवतांचें ‘ऋतुचक्र’ १९५६ सालीं प्रसिद्ध झालें. चैत्रापासून बारा महिने हीच त्याची बांधणी. महिना, झाड आणि पाहणारा यांच्यामध्यें तेथें तिसरा देश येत नाहीं. आणि आमच्याच गांवांत १९३२ सालीं जन्मलेले मारुती चितमपल्ली! वनखात्याच्या नोकरींत रानांत आयुष्य घालवून त्यांनीं वनवासी माणसांकडून झाडापांखरांचीं नांवें वेंचलीं, पक्षिकोश रचला. २००६ सालीं सोलापुरांत भरलेल्या साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद त्यांनींच भूषविलें, आणि २०२५ च्या जूनमध्यें याच गांवीं त्यांनीं देह ठेवला. नांव ठाऊक असणें ही पाहण्याची पहिली पायरी होय, हें ज्यांच्या लेखनावरून शिकावयाचें, त्यांच्याच गांवचे आम्ही झाडाचें नांव लिहावयास विसरलों.

उपमेच्या बाजूनेंही एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. ‘साकुरा’ हा शब्द कानीं पडला नसता, तर आम्ही चौघे घराबाहेर पडलों असतों कीं नाहीं, याची शंकाच आहे. रस्त्याकडेच्या झाडाखालीं माणसें थांबूं लागलीं, मान वर करून पाहूं लागलीं, हें त्या शब्दाचेंच श्रेय. निमंत्रण म्हणून तो शब्द चांगला. परंतु निमंत्रणपत्रिका म्हणजे जेवण नव्हे. झाडापाशीं पोंचल्यावर ती खिशांत ठेवावी आणि समोरच्या पंक्तीकडे पाहावें.

आमचा तो लेख आम्हीं मागें घेतला आहे. येत्या पौष-माघांत चौघांनीं प्रथम करडईच्या रानांत, मग पळसाच्या बांधावर, आणि जमल्यास पुन्हां वसंतराणीखालीं जावयाचें ठरविलें आहे. बरोबर एक वही असेल. तींत फुलाचें नांव तीनही भाषांत आणि पहिलें फूल दिसल्याची तिथि लिहावयाची. कन्नडभाषी मित्रांची अट एकच आहे, आणि ती आम्हांस मान्य आहे: उपमा सुचल्यास ती सर्वांत शेवटीं लिहावी.