पट्टी कुणाच्या हातात?

सत्यजित राय यांच्या ‘चारुलता’वरचा (१९६४) कुठलाही लेख उघडा, सुरुवातीचा खिडक्यांचा प्रसंग त्यात येतोच. आणि त्याचा अर्थही बहुतेक वेळा एकच लावलेला असतो. खिडकीच्या पट्ट्या म्हणजे गज, घर म्हणजे पिंजरा आणि चारू म्हणजे त्यातलं पाखरू. फिल्म क्लबच्या चर्चांमध्ये हे मी ऐकलंय, व्हिडिओ-निबंधांमध्येही ऐकलंय. हा अर्थ खोटा नाही, पण मला तो अपुरा वाटतो. तो लावणाऱ्यांनी चारूचा चेहरा नीट पाहिलाय, तिचा हात मात्र पाहिलेला नाही.

हाताकडे माझं लक्ष जातं, कारण मी पुण्यात ब्लाइंड्सचं काम करतो. गेली सहा वर्षं. माप घ्यायचं, वर्कशॉपमध्ये कापून-जोडून तयार करायचं आणि मग जाऊन बसवायचं. फ्लॅट, दवाखाने, ऑफिसं, सगळीकडे. खिडकीची रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजायची आणि सगळ्यांत कमी भरेल ती धरायची, कारण कुठल्याच बिल्डरची चौकट काटकोनात नसते. हे काम करताना एक सवय लागते. समोर खिडकी आली की आधी बघायचं, आतून कोण बघणार, बाहेरून कोण बघणार आणि दोरी कुठल्या बाजूला येणार. ही सवय घेऊन सिनेमा बघितला तर काय दिसतं, ते सांगतो.

कोन आणि उजेड

कापडी पडदा एक तर ओढलेला असतो, नाहीतर सरकवलेला. पट्ट्यांच्या ब्लाइंडला तिसरी अवस्था असते. तो बंद असतो आणि तरीही त्यातून दिसतं. कुणाला दिसतं, हे दोन गोष्टींवर ठरतं.

पहिली गोष्ट कोन. पट्टीची बाहेरची कड खाली झुकलेली असेल, तर आतल्या माणसाची नजर त्या उतारावरून खाली रस्त्यावर जाते. रस्त्यावरच्या माणसानं वर पाहिलं तर त्याच फटीतून त्याला फार तर छत दिसतं. जुन्या लाकडी झडपांच्या पट्ट्या बाहेरच्या बाजूला उतरत्या असतात, त्या मुळात पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून. पण पाण्यासाठी दिलेला उतार वरच्या मजल्यावरून रस्ता बघायलाही अगदी सोयीचा पडतो.

दुसरी गोष्ट उजेड. ज्या बाजूला उजेड जास्त, ती बाजू दिसते. दिवसा बाहेर लख्ख ऊन आणि आत सावली असते, म्हणून आतल्याला बाहेरचं दिसतं आणि बाहेरच्याला आतलं दिसत नाही. रात्री दिवा लावला की हिशोब उलटतो. सनस्क्रीन कापडाचे रोलर ब्लाइंड लावून घेणारे कितीतरी लोक आठवड्याभरात फोन करतात, “दिवसा कुणाला काही दिसत नाही, पण रात्री समोरच्या बिल्डिंगला आमचं जेवण दिसतं.” कापड तेच असतं. दिव्यानं बाजू बदललेली असते.

चारूचा हात

आता तो प्रसंग पुन्हा बघू. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडचं कोलकाता, रवींद्रनाथ टागोरांच्या ‘नष्टनीड’वरून घेतलेली कथा. दुपार आहे. चारूनं रुमालावर ‘बी’ हे अक्षर भरलंय, पुस्तकं चाळून झालीत. रस्त्यावरून डुगडुगीचा आवाज येतो. ती खिडकीपाशी जाते आणि पट्ट्या उघडते.

कोलकात्यात या पट्ट्यांच्या झडपेला खडखडी म्हणतात. तिच्या सगळ्या पट्ट्या मधल्या एका उभ्या काठीला जोडलेल्या असतात. काठी वर-खाली केली की सगळ्या पट्ट्या एकदम फिरतात. म्हणजे किती उघडायचं आणि किती मिटायचं, हे सगळं आतल्या माणसाच्या दोन बोटांत असतं. तुरुंगाचा गज आतल्या कैद्याला फिरवता येत नाही. चारूला पट्टी फिरवता येते. ती छोटी दुर्बीण घेऊन येते, एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीकडे पळते, छत्रीवाल्या जाड्या माणसाचा पाठलाग करते. तिच्या चालण्यात खेळ आहे. रस्ता उन्हात आहे, ती सावलीत आहे. ती सगळ्यांना बघते, तिला कुणीच बघत नाही. त्या काळच्या घरंदाज बाईला रस्त्यावर उभं राहून परक्या पुरुषांकडे असं टक लावून बघता आलं असतं का? झडपेनं तिला बाहेर जाण्यापासून अडवलं असेल, पण हे बघणंही झडपेमुळेच शक्य झालं.

मग राय पुढची गोष्ट दाखवतात, आणि माझ्या मते प्रसंगाचा खरा घाव तिथे आहे. चारूचा नवरा भूपती पुस्तकात डोकं घालून व्हरांड्यातून जातो, तिच्या अगदी जवळून. तिथे झडप नाही, कोन नाही, ऊन-सावलीचा खेळ नाही. ती समोर उघडी उभी आहे. तरीही तिच्याकडे त्याचं लक्ष जात नाही. तेव्हा ती दुर्बीण उचलते आणि त्याच्याकडे बघते, मघाशी रस्त्यावरच्या माणसाकडे पाहिलं तशीच.

पट्ट्यांना गज म्हणणारा अर्थ इथे तोकडा पडतो. झडप आड असताना ती कुणाला दिसत नव्हती, आणि ते तिनं स्वतः ठरवलेलं होतं. झडप नसताना ती दिसत नाही, ते मात्र तिच्या हातात नाही. माधवी मुखर्जींच्या चेहऱ्यावरचा एकटेपणा खिडकीपाशी सुरू झालेला नाही. तो व्हरांड्यात सुरू झालाय.

लिसा पडदा पाडते

याच्या दहा वर्षं आधीचा, न्यूयॉर्कमधल्या एका चाळवजा अंगणाभोवती घडणारा हिचकॉकचा ‘रिअर विंडो’ (१९५४) मी याच्या शेजारी ठेवतो. तो सुरूच होतो ब्लाइंड्सनी. श्रेयनामावलीच्या वेळी तीन बांबूचे पडदे एकामागून एक वर जातात, आपल्याकडच्या चिकांसारखे. त्यांना हात लावणारं कुणी दिसत नाही.

जेफ हा फोटोग्राफर पाय मोडून खुर्चीत बसलाय आणि समोरच्यांच्या खिडक्या बघतोय. या खिडक्या एवढ्या उघड्या का, याचं उत्तर हिचकॉक पहिल्याच काही मिनिटांत देतो. थर्मामीटरचा पारा ९० अंश फॅरनहाइटच्या पुढे आहे आणि एक जोडपं लोखंडी जिन्यावर गादी टाकून झोपलंय. लोकांनी खिडक्या उकाड्यानं उघड्या ठेवल्यात. कुणीतरी आपल्याला बघावं म्हणून नव्हे. समीक्षेत जेफच्या डोकावण्यावर भरपूर लिहिलं जातं. त्याला डोकावू देणाऱ्या उकाड्यावर फारसं कुणी लिहीत नाही.

आणि मग समोर पडदा कोण पाडतं बघा. नवविवाहित जोडपं पाडतं. एकटी राहणारी बाई घरी पाहुणा आल्यावर पाडते. आणि ज्याच्यावर बायकोच्या खुनाचा संशय आहे, तो थॉरवाल्डही पाडतो. प्रेम, लाज, गुन्हा, तिघांचा पडदा बाहेरून सारखाच दिसतो. पण बघत राहणाऱ्याला प्रत्येक खाली आलेल्या पडद्यामागे काहीतरी ‘चाललेलं’ दिसू लागतं. जेफचा संशय पुढे खरा ठरतो, म्हणून आपण त्याला माफ करतो. तो खोटा ठरला असता तरी त्याचं बघणं तेच राहिलं असतं.

मला यातला सगळ्यांत महत्त्वाचा प्रसंग लिसाचा वाटतो. ग्रेस केलीनं साकारलेली ही जेफची प्रेयसी एका रात्री उठते आणि जेफच्याच खिडकीचे पडदे खाली पाडते. आजचा खेळ संपला, असं त्याला सांगते. दुसऱ्यांच्या खिडक्यांत रमलेल्या माणसानं शेजारी उभ्या असलेल्या बाईकडे बघावं, एवढीच तिची मागणी आहे. चारूला हेच भूपतीकडून हवं होतं. चारूनं पट्टी उघडली, लिसानं पडदा पाडला. दोघींचे हात उलट दिशेनं चालले, पण गेले एकाच कारणासाठी. लिसाचा पडदा फार वेळ टिकत नाही. अंगणातून किंकाळी येते आणि तो वर जातो.

फटीतून दिसलेलं

पट्टी हातात असली की माणूस मोकळा, असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. तो मोडायला एक कादंबरी आहे, आलँ रॉब-ग्रिये यांची ‘ला जालूझी’ (१९५७). फ्रेंचमध्ये ‘जालूझी’ म्हणजे मत्सर, आणि पट्ट्यांच्या झडपेलाही तोच शब्द. केळीच्या मळ्यातलं घर, ‘अ...’ एवढ्याच नावानं येणारी बायको, शेजारचा फ्रँक, आणि कधीही ‘मी’ न म्हणणारा निवेदक. तो तिथे आहे हे आपल्याला जास्तीच्या खुर्चीवरून आणि ताटावरून कळतं.

हा निवेदक पट्ट्यांच्या फटींतून बघतो. फटीतून माणूस अख्खा दिसत नाही. हात दिसतो, मध्ये पट्टी येते, मग केस दिसतात. मधली जागा बघणारा स्वतः भरतो, आणि इथे ती संशयानं भरली जाते. भिंतीवर चिरडलेल्या गोमेची तीच गोष्ट तो पुन्हा पुन्हा सांगतो, दर वेळी थोडी बदलून. पट्टी त्याच्या हातात आहे, पण त्याचा उपयोग काय? चारूला फटीतून जग मोठं झालेलं दिसलं. याचं जग फटीएवढं झालं. लाकूड तेच, काठी तीच. चारू अनोळखी लोकांना बघत होती, त्यांच्याकडून तिला काही नको होतं. हा माणूस ज्या बाईशी बोलायला हवं, तिला लपून बघतोय.

दोरी आतच

हे सगळं मला रोजच्या कामात दिसतं. काचेचं ऑफिस असतं, भिंतींवर ‘ट्रान्सपरन्सी’ लिहिलेलं असतं. ऑर्डर येते ती साहेबांच्या काचेच्या केबिनसाठी, पंचवीस मिलिमीटरच्या ॲल्युमिनियम पट्ट्यांचे वेनेशियन ब्लाइंड, आतल्या बाजूनं. पट्ट्या फिरवायची दांडी केबिनमध्ये. बाहेर बसलेल्या चाळीस जणांना कधी बघायचं आणि कधी नाही, हे त्या एका दांडीवर ठरतं. त्या चाळीस जणांच्या बाजूला दांडी लावून द्या, असं अजून कुणी सांगितलेलं नाही.

दुसरीकडे भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मुली असतात. त्या ब्लाइंड सांगतात तेव्हा रंग आणि दर यांच्या आधी एकच गोष्ट विचारतात, “रात्री लाइट लावल्यावर समोरून दिसणार नाही ना?” मी बसवून खाली येतो, तोवर वॉचमन किंवा सोसायटीतले एखादे काका विचारतात, “एवढं झाकायला काय चाललंय वर?” जेफची खुर्ची प्रत्येक सोसायटीत असते. फक्त त्या खुर्चीतल्या माणसाचा पाय मोडलेला नसतो.

म्हणून पडद्यावर पट्ट्यांच्या सावल्या बघून लगेच ‘घुसमट’ लिहिणारी समीक्षा मला घाईची वाटते. जुन्या अमेरिकी गुन्हेपटांनी ती सावली लोकप्रिय केली. आता ती फोटोवर टाकायला फोनमध्ये मिळते आणि खिडकी नसतानाही चेहऱ्यावर पडते. तिथे ती निव्वळ नक्षी असते. पण जिथे खरी खिडकी आहे, तिथे प्रश्न साधे आहेत आणि ते विचारायला हवेत. उजेड कुठल्या बाजूला आहे? पट्टी कुठे झुकली आहे? दोरी कुणाच्या बाजूला आहे? आणि ती ओढणाऱ्याला बघायचंय, की कुणीतरी आपल्याकडे बघावं असं वाटतंय?

या प्रश्नांची उत्तरं काढल्यावरही चारू एकटीच राहते, हे मला मान्य आहे. पण तिचं एकटेपण खिडकीच्या माथी मारून भूपतीला सोडून देता येत नाही.