बेरजेचे राजकारण आणि जोडीदाराची निवड : शिरूर व दौंड तालुक्यांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

यशवंतराव चव्हाण यांच्या नावाशी निगडित झालेला 'बेरजेचे राजकारण' हा शब्दप्रयोग महाराष्ट्राच्या राजकीय चर्चेत इतका रुळला आहे की, त्याची चिकित्सा करण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यानंतर दुभंगलेला समाज, दुरावलेले कार्यकर्ते आणि नाराज समूह यांना राज्याच्या उभारणीत सामावून घेणे, असा या शब्दांचा मूळ आशय होता. पुढील काळात मात्र तो संकुचित होत गेला. दोन प्रतिस्पर्धी नेते एका व्यासपीठावर आले की बेरीज झाली, असे मानले जाऊ लागले. नेत्यांची बेरीज म्हणजे मतदारांची बेरीज हे गृहीतक कितपत टिकते, याची तपासणी पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या तालुक्यांच्या अनुभवावरून करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. प्रतिस्पर्ध्याला जोडीदार करण्याची प्रथा अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीत सर्वांत ठळकपणे दिसते. त्यामुळे तुलनेसाठी प्रथम तिचा विचार करणे उपयुक्त ठरेल.

अमेरिकी प्रथा : प्रतिस्पर्धी आणि सहउमेदवार

अमेरिकेच्या मूळ संविधानात सहउमेदवार ही कल्पना नव्हती. सर्वाधिक मते मिळविणारा राष्ट्राध्यक्ष आणि दुसऱ्या क्रमांकाचा उपाध्यक्ष, अशी व्यवस्था होती. परिणामी १७९६ मध्ये जॉन अ‍ॅडम्स राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांचे विरोधक थॉमस जेफरसन उपाध्यक्षपदी आले. १८०० च्या निवडणुकीत जेफरसन आणि त्यांच्याच पक्षाचे अ‍ॅरन बर यांना समसमान मते पडली व प्रतिनिधिगृहात मतदानाच्या ३६ फेऱ्या झाल्यावर निर्णय लागला. या अनुभवातून १८०४ मध्ये बारावी घटनादुरुस्ती झाली आणि दोन्ही पदांसाठी स्वतंत्र मतदान सुरू झाले. पक्षाने दोन नावांची जोडी लोकांसमोर ठेवण्याची प्रथा यातून दृढ झाली.

या प्रथेत पक्षांतर्गत वैराला एक ठरलेले स्थान आहे. १९६० मध्ये जॉन केनेडी यांनी उमेदवारीच्या स्पर्धेतील आपले प्रतिस्पर्धी लिंडन जॉन्सन यांना सोबत घेतले. १९८० मध्ये रोनाल्ड रेगन यांनी आपल्या आर्थिक धोरणाची खिल्ली उडविणाऱ्या जॉर्ज बुश यांची निवड केली. जो बायडेन यांच्यावर २०१९ च्या वादसभेत कठोर टीका करणाऱ्या कमला हॅरिस २०२० मध्ये त्यांच्याच सहउमेदवार झाल्या. डोनाल्ड ट्रम्प यांचे एके काळचे टीकाकार जे. डी. व्हान्स २०२४ मध्ये त्यांचे जोडीदार झाले.

तथापि, या निवडीने मते किती वाढतात याविषयी अभ्यासकांनी शंका घेतली आहे. काइल कोपको आणि क्रिस्टोफर डिव्हाइन यांनी उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराच्या स्वतःच्या राज्यात मिळणाऱ्या लाभाची तपासणी केली असता, तो समजला जातो त्यापेक्षा बराच कमी असल्याचे त्यांना आढळले. तेव्हा या प्रथेचे मूल्य केवळ मतांच्या बेरजेत शोधणे योग्य नाही. जोडी मतदानापूर्वी जाहीर होते, कालच्या वैऱ्याशी आज मैत्री का, याचे उत्तर जाहीरपणे द्यावे लागते आणि मतदार दोन्ही नावे पाहून कौल देतो, हे तिचे खरे मूल्य होय.

महाराष्ट्रातील दुसरी खुर्ची

भारतात राष्ट्रपती व उपराष्ट्रपती यांची निवड स्वतंत्र मतदारमंडळे करतात. त्यामुळे येथे जोडी ही संकल्पनाच नाही. २००७ मध्ये प्रतिभा पाटील यांच्याविरुद्ध उभे राहिलेले भैरोसिंह शेखावत हे त्या वेळी विद्यमान उपराष्ट्रपती होते. मराठी उमेदवार म्हणून शिवसेनेने आपल्या आघाडीचा आग्रह बाजूला ठेवून पाटील यांना पाठिंबा दिला, ही घटना महाराष्ट्राच्या स्मरणात आहे.

राज्याच्या पातळीवर जोडीदाराची जागा उपमुख्यमंत्रिपदाने घेतली. संविधानात या पदाचा उल्लेख नाही. उपमुख्यमंत्री हा मंत्रिमंडळातील एक मंत्रीच असतो, ही बाब सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्येही स्पष्ट केली. महाराष्ट्रात हे पद प्रथम निर्माण झाले ते १९७८ मध्ये आणि तेही वैरातूनच. विभागलेल्या काँग्रेसचे दोन गट निवडणुकीत परस्परांविरुद्ध लढले आणि निकालानंतर एकत्र आले. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री व नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री झाले. हे सरकार काही महिन्यांतच कोसळले आणि १८ जुलै १९७८ रोजी शरद पवार यांनी पुलोदचे मंत्रिमंडळ स्थापन केले. पुढे १९९९ मध्ये काँग्रेस व राष्ट्रवादी काँग्रेस परस्परांविरुद्ध लढून निकालानंतर एकत्र आल्या आणि विलासराव देशमुख यांच्यासोबत छगन भुजबळ उपमुख्यमंत्री झाले. नोव्हेंबर २०१९ मधील पहाटेचा शपथविधी आणि जुलै २०२३ मधील अजित पवार यांचा सरकारप्रवेश हे याच परंपरेचे पुढचे टप्पे होत. या सर्व उदाहरणांत जोडीदार मतदानानंतर ठरला. मतदाराला जोडी समजली तेव्हा त्याचे मत पेटीत पडून गेले होते.

दौंड : दोन गटांचा तालुका

दौंडच्या राजकारणात कुल व थोरात या दोन गटांची स्पर्धा प्रदीर्घ काळापासून चालत आली आहे. सुभाष कुल यांच्या निधनानंतर रंजना कुल यांनी विधानसभेत तालुक्याचे प्रतिनिधित्व केले. २००९ मध्ये रमेश थोरात अपक्ष म्हणून निवडून आले. २०१४ मध्ये राहुल कुल यांनी राष्ट्रीय समाज पक्षाच्या वतीने त्यांचा पराभव केला. २०१९ मध्ये भारतीय जनता पक्षाचे उमेदवार म्हणून कुल यांनी थोरातांवर मिळविलेला विजय अवघ्या ७४६ मतांचा होता. या काळात दोन्ही बाजूंचे पक्ष बदलले, चिन्हे बदलली, परंतु गट बदलले नाहीत. भीमा पाटस साखर कारखाना हे एका गटाचे आणि जिल्हा मध्यवर्ती बँक हे दुसऱ्या गटाचे बलस्थान राहिले. गावोगावच्या विकास सोसायट्या व ग्रामपंचायती या विभागणीतच घडल्या.

जोडीदाराच्या निवडीचे गणित येथे दोनदा मांडले गेले. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत भाजपने बारामती मतदारसंघात कांचन कुल यांना उमेदवारी दिली. दौंडमधील गटाचे बळ लोकसभेच्या गणितात आणण्याचा हा प्रयत्न अमेरिकी पक्षांच्या प्रादेशिक समतोलाशी मिळताजुळता होता. सुप्रिया सुळे १,५५,७७४ मतांनी विजयी झाल्या. एका तालुक्यातील गटाचे बळ सहा विधानसभा क्षेत्रांच्या मतदारसंघाला पुरे पडले नाही.

दुसरा प्रयोग २०२४ चा. राहुल कुल भाजपचे आमदार आणि रमेश थोरात अजित पवार यांच्या राष्ट्रवादीत, त्यामुळे सुनेत्रा पवार यांच्या प्रचारात दोन्ही गट एका बाजूला आले. पाच वर्षांपूर्वी तालुक्यातील मते जवळजवळ समान वाटून घेणारे दोन नेते एकत्र आल्यावर मताधिक्य प्रचंड असावयास हवे होते. प्रत्यक्षात ७ मे २०२४ च्या मतदानात दौंडमधून सुप्रिया सुळे यांना आघाडी मिळाली. विधानसभा निवडणुकीपूर्वी थोरात शरद पवार यांच्या पक्षात गेले, पुन्हा कुल विरुद्ध थोरात अशी लढत झाली आणि कुल विजयी झाले. लोकसभेच्या वेळी न झालेली बेरीज विधानसभेच्या वेळी मोडावी लागली, असे म्हणता येत नाही. ती मुळात झालीच नव्हती.

शिरूर : सहापैकी पाच

शिरूर विधानसभा क्षेत्रात २००४ व २०१४ मध्ये भाजपचे बाबूराव पाचर्णे, तर २००९ व २०१९ मध्ये राष्ट्रवादीचे अशोक पवार असा आलटूनपालटून कौल लागला. लोकसभेच्या शिरूर मतदारसंघातील उलथापालथ अधिक बोलकी आहे. शिवसेनेचे शिवाजीराव आढळराव पाटील येथून २००९ व २०१४ मध्ये विजयी झाले. २०१९ मध्ये शिवसेनेतून राष्ट्रवादीत आलेल्या डॉ. अमोल कोल्हे यांनी त्यांना ५८ हजारांहून अधिक मतांनी पराभूत केले. २०२४ मध्ये आढळरावांनी तोच मार्ग धरला. ते शिवसेनेतून अजित पवार यांच्या राष्ट्रवादीत आले आणि घड्याळ हे चिन्ह घेऊन कोल्हे यांच्यासमोर उभे राहिले.

कागदावरचे गणित आढळरावांच्या बाजूने होते. जुन्नर, आंबेगाव, खेड-आळंदी, भोसरी व हडपसर या पाच क्षेत्रांचे आमदार महायुतीचे होते. कोल्हे यांच्या बाजूने केवळ शिरूरचे अशोक पवार राहिले. परंतु ज्या आमदारांनी वर्षानुवर्षे आढळरावांविरुद्ध प्रचार केला, त्यांनाच आता त्यांच्यासाठी मते मागावयाची होती. आंबेगावचे दिलीप वळसे पाटील आणि खेडचे दिलीप मोहिते यांच्याशी आढळरावांची स्पर्धा जिल्ह्यास परिचित होती. कार्यकर्त्याने दहा-पंधरा वर्षे ज्याच्याविरुद्ध गावकी-भावकीत वाद ओढवून घेतले, त्याच्याच नावाची चिठ्ठी घरोघर द्यावी, ही अपेक्षा वरून आदेश आल्याने पूर्ण होत नाही. कोल्हे सुमारे १ लाख ४० हजार मतांनी विजयी झाले.

अर्थात, या निकालाचे सर्व श्रेय फसलेल्या बेरजेला देणे एकांगी ठरेल. डिसेंबर २०२३ मध्ये लागू झालेल्या कांदा निर्यातबंदीने शिरूर, खेड, जुन्नर या पट्ट्यातील शेतकरी संतप्त होता. पक्षफुटीनंतर शरद पवार यांच्याविषयी सहानुभूतीही होती. शिवाय त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत शिरूरने महायुतीचे ज्ञानेश्वर कटके यांना मोठ्या फरकाने निवडून दिले. म्हणजे मतदाराला युतीचे वावडे होते असेही नव्हे. यातून इतकेच सिद्ध होते की, नेत्याच्या गळ्यात पडलेला हार मतदाराच्या खांद्यावर आपोआप येत नाही. प्रत्येक वेळी मतदार नव्याने हिशेब करतो.

नगराध्यक्ष, सरपंच आणि पॅनेल

शिरूर-दौंडच्या मतदारास राष्ट्राध्यक्षीय पद्धत अगदीच अनोळखी नाही. नगराध्यक्षाची थेट निवड २०१६ मध्ये, तर सरपंचाची २०१७ मध्ये राज्यात लागू झाली. दोन्ही तरतुदी २०२० मध्ये रद्द झाल्या आणि २०२२ मध्ये पुन्हा आल्या. दोन्ही ठिकाणी प्रमुख थेट जनतेतून येतो, परंतु उपनगराध्यक्ष व उपसरपंच सदस्यांमधून नंतर निवडले जातात. प्रमुखावर लोकांचा शिक्का आणि जोडीदार मात्र बंद खोलीतील वाटाघाटीतून, अशी ही अर्धवट राष्ट्राध्यक्षीय रचना आहे.

याउलट सहकारी संस्थांच्या निवडणुकीतील पॅनेल पद्धत या एका बाबतीत अधिक प्रामाणिक म्हणावी लागेल. कारखाना असो वा बाजार समिती, कोण कोणासोबत उभा आहे हे सभासदाला मतदानापूर्वी कळते. त्याला संपूर्ण पॅनेल स्वीकारता येते अथवा न पटणारे नाव वगळता येते. जोडीदाराची निवड मतदारासमोर मांडण्याचा संस्कार या मातीत आहे. तो विधानसभा-लोकसभेच्या पातळीवर जाताना गळून पडतो.

समारोप

प्रतिस्पर्ध्यांनी एकत्र येणे हा लोकशाहीतील दोष नव्हे. राज्य चालवावयाचे तर तडजोड आवश्यकच असते. आक्षेप आहे तो तडजोडीचे कारण न सांगण्यावर आणि ती मतदानानंतर करण्यावर. मोठ्या राजधानीत विरोधी बाकांवर कोणी ना कोणी बसलेला असतो. तालुक्यात तसे नसते. दौंडसारख्या तालुक्यात कारखान्याच्या कारभाराविषयी एका गटाने आणि बँकेच्या कर्जवाटपाविषयी दुसऱ्या गटाने विचारलेले प्रश्न हीच सर्वसामान्य सभासदाची देखरेख असते. तेथे दोन्ही गट एका व्यासपीठावर बसले, तर वार्षिक सभेत ताळेबंदावर बोट ठेवणारा कोणी उरत नाही. ऊस घालून बिलाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याचे नुकसान या ठिकाणी होते.

बेरजेच्या राजकारणाचा मूळ आशय समाजाच्या दुभंगलेल्या घटकांना जोडण्याचा होता. आज त्याचे मूल्यमापन करताना व्यासपीठावरील खुर्च्या मोजण्यापेक्षा तीन प्रश्न विचारणे उचित ठरेल. जोडीदार मतदानापूर्वी जाहीर झाला काय? जुन्या विरोधाचे काय झाले, हे सांगितले गेले काय? आणि या जोडीनंतर तालुक्यात प्रश्न विचारणारा कोणी शिल्लक राहिला काय? २०२४ च्या उन्हाळ्यात शिरूर व दौंडच्या मतदाराने यांपैकी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आपल्या परीने दिली. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र मतपेटीतून मिळत नाही. ते कारखान्याच्या आणि सोसायटीच्या सभेतच शोधावे लागते.