मुक्या जनावराचं मन आणि हातानं काढलेली रेषा

प्राण्यांवरच्या जुन्या, हातानं काढलेल्या लघुपटांचा विषय निघाला, की आपण “किती गोड!” म्हणतो आणि मोकळे होतो. पण गोड तर बिस्किटाच्या पुड्यावरचं मांजरही असतं. ते आपण पुन्हापुन्हा बघत नाही.

१९१४ सालची ‘गर्टी’ घेऊ. विन्सर मॅके या अमेरिकी चित्रकाराची ही डायनोसॉर. पारदर्शक सेलची पद्धत तेव्हा रुळलेली नव्हती. म्हणून प्रत्येक चित्रात गर्टीबरोबर मागचे खडकही नव्यानं काढावे लागले. रेषा थरथरते ती त्यामुळं. मॅके चाबूक घेऊन रंगमंचावर उभा राही आणि पडद्यावरच्या गर्टीला हुकूम सोडी. ती कधी ऐके, कधी नाही. रागावलं तर रडे. आता बघा, हुकूम पाळणाऱ्या चित्राचं आपल्याला कौतुक वाटतं. पण हुकूम मोडला, तिथं आपल्याला मन दिसतं.

पुढचं पाऊल १९३४चं, डिस्नेचा ‘प्लेफुल प्लूटो’. त्यातला माश्यांच्या चिकट कागदाचा प्रसंग नॉर्म फर्ग्युसननं रेखाटला. कागद नाकाला चिकटतो, तिथून सुटला तर पंजाला. प्लूटो थांबतो, काहीतरी सुचतं, तेही फसतं. शब्द एकही नाही. विचार चालतो तो भुवईत, कानात, मानेत.

बर्गसाँ म्हणतो, जिवंतावर यांत्रिकता चढली की हसू येतं. इथं उलटं आहे. सेकंदाला २४ चौकटी फिरवणारं यंत्र, आणि त्यावर जीव चढलेला! प्राण्यांना यंत्र मानणाऱ्या देकार्तला हे दाखवायला हवं होतं.

कुणी म्हणेल, हा कुत्रा नव्हेच, कुत्र्याच्या कातडीतला माणूस आहे. आम्हाला हे अर्धंच पटतं. नाक पुढं करून जग तपासणाऱ्याचंच नाक असं अडकतं. हे संकट कुत्र्याचं आहे. माणूस खरा शिरला तो नंतर, प्राणी बडबडू लागले तेव्हा. डोळे मिटले तरी गोष्ट कळावी, अशा कार्टूनांना चक जोन्ससारखा जाणकार ‘सचित्र रेडिओ’ म्हणायचा. तिथं जनावर उरतं ते नावापुरतं.

दारातल्या मुक्या जनावराला मन आहे, हे आपल्याला त्याच्या अंगावरूनच ओळखावं लागतं. ती नजर हे लघुपट तयार करतात. त्यांची मोहिनी आम्हाला तिथं दिसते. घरी गेल्यावर आवाज बंद करून प्लूटो पाहा. काही निसटतं का, ते पुढच्या वेळी बोलू.