लूकच्या यादीतली बायको

लूकच्या शुभवर्तमानात, चौदाव्या अध्यायात, एक यादी आहे. येशूच्या मागे मोठा जमाव चालला आहे. तो वळतो आणि सांगतो की माझा शिष्य व्हायचं तर आईबाप, बायको, मुलं, भाऊबहिणी, फार काय स्वतःचा जीव, या सगळ्यांवर पाणी सोडावं लागेल. मूळ शब्द याहून कडक आहेत, द्वेषाची भाषा आहे. मत्तयानेही हे बोलणं नोंदवलं आहे, पण त्याच्याकडे आईबाप आहेत, मुलगा-मुलगी आहेत, बायको नाही. लूकने ती यादीत घातली. या उताऱ्यावर प्रवचनं भरपूर होतात आणि ती सगळी सोडून जाणाऱ्याबद्दल असतात. जिला सोडलं तिचं म्हणणं चारही शुभवर्तमानांत कुठेच नाही. पेत्राच्या सासूचा ताप येशूने उतरवला, म्हणजे पेत्राला बायको होती, एवढंच शुभवर्तमानांतून कळतं. ती कोण, पेत्र जाळी टाकून निघाला तेव्हा घरात काय शिजत होतं, कुणाला पत्ता नाही.

मराठीत मात्र या यादीतल्या बायकोने पुस्तक लिहिलं. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागाभागाने आली आणि तेव्हापासून आपण ती प्रांजळ, खेळकर आत्मचरित्र म्हणून वाचत आलो. ते खोटं नाही. पण ईस्टरआधीच्या उपवासकाळात लूक आणि योहान शेजारी ठेवून हे पुस्तक वाचलं की वेगळंच दिसतं: ख्रिस्ताचं शिष्यत्व किती रुपये किती आण्यांना पडतं याचा इतका चोख जमाखर्च मराठीत दुसऱ्या कुणी मांडलेला नाही.

पुस्तकाची सुरुवातच बघा. ती ना नवऱ्यापासून होते, ना लेखिकेपासून. ती होते एका फाशीपासून. 1857च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना फाशी झाली. त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या डोक्यात सोवळं शिरलं. बाजारातून आलेलं धान्यसुद्धा धुतल्याशिवाय घरात येईना. घरातली बाईमाणसं धुवून धुवून थकली. लेखिका हे सांगते आणि आपण हसतो. मग लक्षात येतं की हसत हसत तिने आपल्याला एका भेदरलेल्या माणसाच्या घरात नेऊन बसवलं आहे. बाहेरच्या जगाने एक माणूस ओढून नेला, तेव्हा आता बाहेरचं काहीही आत येताना धुऊनच घ्यायचं. सोवळ्याचं इतकं नेमकं निदान एखाद्या सुधारकाच्या निबंधात सापडायचं नाही. आणि ती निदान करतेय असा आवही आणत नाही.

या घरातली मनू गोखले, म्हणजे पुढची लक्ष्मीबाई, अकराव्या वर्षाच्या सुमारास नारायण वामन टिळकांच्या घरात पडली. टिळक कवी, तापट, दिलदार, घरात पीठ आहे की नाही याची चौकशी न करता हातातले पैसे देऊन मोकळे होणारे. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले ते अडकलेच. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायकोला नंतर कळलं.

यानंतरची चार-पाच वर्षं म्हणजे पुस्तकाचा गाभा. लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत, पंढरपूरला, नातलगांच्या आधाराने. नवरा जिवंत असून नाही. कुंकू लावायचं की नाही हाच ज्या समाजात प्रश्न, तिथे ही बाई कपाळावर कुंकू आणि पोटात आग घेऊन वावरते. शोक ओसंडून वाहावा अशी ही पानं. पण ती त्यांत स्वतःची फजिती सांगत बसते, आजूबाजूच्यांच्या तऱ्हा टिपते. तिची पहिली कविता याच काळातली, नवऱ्याच्या धर्मांतराच्या दुःखातून आलेली. टिळकांनी घराबाहेर पडून शिष्यत्व मिळवलं, हिने घरात राहून त्याचे हप्ते भरले. लूकमध्ये त्या कडक यादीच्या लगेच पुढे एक दृष्टान्त येतो: बुरूज बांधायचा असेल तर आधी बसावं, खर्चाचा हिशेब करावा, नाहीतर पाया घालून काम थांबायचं आणि लोक हसायचे. टिळक असे कधी बसले? पुस्तकभर शोधा. बसते ती बायको. बाजारात सामान आणायला गेलेला नवरा भलतंच काही घेऊन येतो, आणि महिन्याचे उरलेले दिवस कसे ढकलायचे ते ती बघते.

योहानाच्या तेराव्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो. हा प्रसंग बाकीच्या तीन शुभवर्तमानांत नाही. एरवी गूढ, उंच बोलणारा योहान इथे एकदम क्रियापदांवर येतो: उठला, वस्त्रं काढली, रुमाल कमरेला बांधला, घंगाळात पाणी ओतलं, धुतलं, पुसलं. शेवटी वस्त्रं पुन्हा घातली आणि बसला. रुमाल सोडला असं मात्र लिहिलेलं नाही. नजरचूक असेल, मला ती नजरचूक वाटत नाही. आणखी एक: यहूदा अजून जेवणाच्या पंगतीतच आहे. तो उठून रात्रीच्या अंधारात जातो ते नंतर. म्हणजे त्याचेही पाय धुतले गेले. पेत्र नको नको म्हणतो, वरवर बघता नम्रपणे. येशू त्याचा तो नम्रपणा चालवून घेत नाही. गुरूने आपले पाय धुवू नयेत हे ठरवणारा शिष्य अजून मानपानाच्या जुन्याच पाटावर बसलेला आहे.

   हाच प्रसंग आज बघायचा तर पवित्र गुरुवारच्या संध्याकाळी कुठल्याही कॅथलिक देवळात जा: वेदीपुढे बारा खुर्च्या, पाद्रीबाबा गुडघ्यांवर, शेजारी पाण्याचा जग आणि टॉवेल धरलेला मुलगा. बाराही जण पाय घरून स्वच्छ धुऊन आलेले असतात. त्यांना हसण्यात अर्थ नाही, आपणही तेच करू. मळलेला पाय दुसऱ्याच्या हातात द्यायचा, ही गोष्ट दुसऱ्याचा पाय धुण्यापेक्षा जड जाते. पेत्राची अडचण हीच होती. या बारांत बाईला बसवण्याची मोकळीक लेखी नियमात आली ती 2016 साली, पोप फ्रान्सिस यांच्या आदेशाने. तोवर नियमाप्रमाणे बाराही पुरुषच.

आता पुन्हा लक्ष्मीबाईंकडे. टिळक अमेरिकन मराठी मिशनचे, प्रॉटेस्टंट. त्यांच्याकडे हा विधी नव्हता. पण धान्य धुणाऱ्या घरातली ही मुलगी नगरला नवऱ्याकडे आली तेव्हा आपलं वेगळं शिजवून खात होती, वेगळं पाणी पीत होती. नवऱ्याने तिच्यावर सक्ती केली नाही. मग राहुरीचा एक प्रसंग. स्वप्न पडत नाही, आकाशवाणी होत नाही, प्रवचनही नाही. ती एकटी बसून विचार करते. देवाने माणूस केला, जाती केल्याची खूण अंगावर कुठे आहे? मग त्या माणसाने केल्या. मग मी कुणाच्याही हातचं खाईन. एका बैठकीत वडिलांचं घर उलटंपालटं होतं आणि लेखिका त्याला फार जागाही देत नाही. लूकमधला तो बसून हिशेब करणारा माणूस मला इथे सापडतो. 1900 मध्ये तिने बाप्तिस्मा घेतला, पण माझ्या वाचनात पाणी पडलं ते या बैठकीत.

इथे एक टोचणारी गोष्ट बोलायलाच हवी. नगर जिल्ह्यातल्या मिशनच्या मंडळ्यांत बहुतेक माणसं महार-मांग समाजातून आलेली. चित्पावन टिळक त्यांच्यात जाऊन बसले, हे त्यांचं नम्र होणं. खरंच होतं. पण जे पिढ्यान्‌पिढ्या वाकूनच उभे होते, त्यांना नम्रतेचा कोणता धडा द्यायचा? त्यांच्यासाठी शिष्यत्वाचा अर्थ ताठ उभं राहणं हा होता. योहानाच्या प्रसंगातही खाली वाकतो तो गुरू, नोकर नव्हे. नम्रतेची शिकवण खालच्या माणसाला देणारं चर्च या पानाचं उलटं वाचन करतं, आणि असं उलटं वाचन आपल्याकडे पुष्कळ झालं आहे, बायकांच्या बाबतीत तर सर्रास. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकाचं मोठेपण हे की त्या नम्र आहेत पण गरीब गाय नाहीत. नवऱ्याशी कडाकडा भांडतात, त्याचा हट्ट उघडा पाडतात, त्याच्या मोठेपणाला दाद देतात, आणि पुढच्याच पानावर त्याची फिरकी घेतात. विनोदाचा पहिला बळी त्या स्वतःच असतात, म्हणून दुसऱ्यावरचा विनोद बोचत नाही.

1917 साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही तऱ्हेचे ख्रिस्तभक्त तिथे एकत्र यावेत हा हेतू. मोठी कल्पना, काळाच्या पुढची. पगार बंद. संन्यास नवऱ्याचा, संसार बायकोचा. या ठिकाणी मला लेखिकेशी भांडावंसं वाटतं. त्या टिळकांना फार सहज माफ करतात. कदाचित लिहिताना ते हयात नव्हते म्हणून. 9 मे 1919 रोजी मुंबईत ते गेले, आणि पुस्तक त्यानंतर पंधरा वर्षांनी आलं. मेलेल्या माणसाशी भांडणात गंमत नसते. पण 1895 ची जी धार पंढरपूरच्या पानांत आहे ती 1917च्या पानांत बोथट झाली आहे, आणि तेव्हा किंमत कमी पडली नव्हती.

डीट्रिश बोनहोफर या जर्मन पाळकाचं शिष्यत्वावरचं प्रसिद्ध पुस्तक 1937चं, म्हणजे ‘स्मृतिचित्रे’च्या अगदी आगेमागे. स्वस्तात मिळालेली कृपा आणि किंमत मोजून घेतलेली कृपा असा त्याचा मुद्दा, आणि 1945 साली नाझींनी त्याला फासावर दिलं तेव्हा त्याने ती किंमत मोजली. त्या पुस्तकापुढे मान झुकतेच. तरी त्यात किंमत मोजणारा एकटा उभा आहे. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात चूल आहे, मुलगा दत्तू आहे, उधारी आहे, आणि शिष्याने ‘मी सगळं सोडलं’ म्हटल्यावर ते सगळं उचलून ठेवणारी बाई आहे.

टिळकांनी ख्रिस्तचरित्र ओवीबद्ध करायला घेतलं होतं, ‘ख्रिस्तायन’. ते गेले तेव्हा थोडेच अध्याय झाले होते. पुढचे साठाहून जास्त लक्ष्मीबाईंनी लिहिले. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याकडून अक्षरं शिकलेल्या बाईने. शिष्यत्वाच्या यादीत जिचं नाव सोडायच्या वस्तूंत होतं, तिने शिष्याचं अर्धवट राहिलेलं काम हातात घेतलं आणि 1936 साली मरेपर्यंत सोडलं नाही. टिळकांनी घातलेला पाया आणि तिने चढवलेला बुरूज यांतला फरक ओव्या शेजारी ठेवून वाचला की कळतो: त्यांची ओवी व्यासपीठावरून बोलते, तिची ओसरीवर बसून. मला तिची जास्त आवडते.