अर्ध्यावर तोडलेला प्रश्न

मुलांसाठी सांगितलेला इतिहास मोठ्यांच्या इतिहासाहून अधिक काळजीने तपासावा लागतो. कारण बालमनावर उमटलेले चित्र पुढे पुराव्यांनीही सहसा पुसले जात नाही. अमेरिकेच्या पश्चिम सीमेवरील वसाहतीचे असे एक चित्र लॉरा इंगल्स वाइल्डर यांच्या ‘लिटल हाऊस ऑन द प्रेअरी’ (१९३५) या पुस्तकाने अनेक पिढ्यांना दिले.

पुस्तकाचे वाङ्मयीन गुण निर्विवाद आहेत. ओंडके रचून उभे राहणारे घर, खिळ्यांवाचून लाकडी खुंट्यांनी जोडलेले दार, विहिरीचे खोदकाम, हिवतापाने अंथरुणाला खिळलेले कुटुंब आणि त्याला वाचवणारा कृष्णवर्णीय डॉक्टर, रात्री वडिलांचे व्हायोलिन : श्रमाची प्रतिष्ठा आणि कुटुंबातील माया इतक्या साधेपणाने क्वचितच शब्दांत उतरते.

परंतु हे घर कोणाच्या भूमीवर उभे राहिले? १८६२ च्या कायद्याने वसाहतवाल्यांना १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन मिळत असे. इंगल्स कुटुंब १८६९ मध्ये कॅन्ससमध्ये जेथे उतरले ती भूमी मात्र ओसेज जमातीची राखीव भूमी होती. तो कायदा तिला लागू नव्हता. पुढे १८७० मध्ये अमेरिकन काँग्रेसने ओसेजांना तेथून हलवण्याचा कायदा केला. सैनिक वसाहतवाल्यांना हुसकावणार, या वार्तेने कुटुंब निघते असे पुस्तक सांगते. प्रत्यक्षात १८७१ मध्ये ते परतले, कारण त्यांचे विस्कॉन्सिनमधील घर विकत घेणाऱ्याला पैसे भागवता आले नाहीत. या फेरफारामुळे वाचकाच्या नजरेत ओसेजांऐवजी वडीलच अन्यायग्रस्त ठरतात. लॉराचे वय तेव्हा जेमतेम दोन ते चार वर्षांचे होते, हेही ध्यानात ठेवावे.

१९५३ च्या आवृत्तीत एक दुरुस्ती झाली. त्या मुलखात माणसे नव्हती, केवळ इंडियन होते, अशा अर्थाच्या वाक्यातील ‘माणसे’ जाऊन तेथे ‘वसाहतवाले’ आले. शब्द बदलला, दृष्टी तीच राहिली. २०१८ मध्ये अमेरिकेतील बालग्रंथपालांच्या संघटनेने आपल्या पुरस्कारातून वाइल्डर यांचे नाव काढले.

म्हणून पुस्तक कपाटात बंद करावे काय? माझ्या मते नाही. त्यातच एक विलक्षण प्रसंग आहे. गोरे आले की इंडियनांना जावे लागते, असे वडील समजावतात. ही भूमी तर त्यांचीच ना, मग त्यांना राग येणार नाही का, असे लॉरा विचारू लागते आणि वडील तिला गप्प करून झोपायला सांगतात. लेखिकेने उत्तर दिले नाही, पण प्रश्नही लपवला नाही. पुस्तकाची सद्सद्विवेकबुद्धी त्या अर्ध्या प्रश्नात जिवंत आहे.

आपल्या दृष्टीने आणखी एक गोष्ट मोलाची आहे. त्याच ओसेज भूमीवर १८४७ पासून येशूसंघीय फादर जॉन शूनमेकर्स यांचे मिशन होते. तेथे मुलांची शाळा येशूसंघीय चालवीत, मुलींची लोरेटोच्या भगिनी. त्या शाळांनाही मुलांना गोऱ्यांच्या रीतीत घडवायचे होते, हे विसरू नये. तरीही पुस्तकात अनोळखी, भीतिदायक पाहुणे म्हणून येणाऱ्या या लोकांना घरे, मुले आणि शाळा होत्या, याची साक्ष त्या मिशनात मिळते.

याच्या जोडीला लुईस अर्ड्रिक यांचे ‘द बर्चबार्क हाऊस’ (१९९९) मुलांना द्यावे. १८४७ च्या सुमारास सुपीरियर सरोवरातील बेटावर राहणाऱ्या ओमाकायास या सात वर्षांच्या ओजिब्वे मुलीची ही कथा. तेथेही घर बांधले जाते, भुर्ज वृक्षाच्या सालीचे. तेथेही आजी आहे, हट्टी भाऊ आहे, आणि देवीच्या साथीने हिरावलेले तान्हे मूल आहे. सीमेच्या पलीकडे रिकामी भूमी नव्हती, दुसरे घर होते, हे मुलाला येथे उपदेशावाचून कळते.

वडिलांवर प्रेम करणे आणि वडिलांच्या प्रत्येक कृतीचे समर्थन करणे या भिन्न गोष्टी आहेत. हा विवेक मुलांना शिकवायचा असेल, तर पालकांनी ही दोन्ही पुस्तके त्यांच्यासोबत वाचावीत. आणि लॉराचा प्रश्न त्यांच्या ओठांवर आला, तर त्यांना झोपायला सांगू नये.