मालकीपत्र आणि उत्तरदायित्व : डी सोटो यांच्या सिद्धांताची मीरा-भाईंदरच्या संदर्भात चिकित्सा

प्रस्तावना

पेरू येथील अर्थतज्ज्ञ हर्नांडो डी सोटो यांचा ‘द मिस्टरी ऑफ कॅपिटल’ हा ग्रंथ २००० साली प्रसिद्ध झाला. विकसनशील देशांतील गरिबांजवळ जमीन व घरे असतात. परंतु कायदेशीर नोंदीअभावी ती ‘मृत भांडवल’ ठरतात, हे या ग्रंथाचे मध्यवर्ती प्रतिपादन होय. टांझानियाने २००४ मध्ये याच विचाराच्या आधारे ‘मकुराबिटा’ हा मालमत्ता-नोंदणीचा कार्यक्रम हाती घेतला. ज्या प्रदेशात दस्तऐवज दीडशे वर्षांपासून अस्तित्वात आहे, त्या मीरा-भाईंदरच्या संदर्भात या सिद्धांताची चिकित्सा करणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

विवेचन

डी सोटो केवळ कागदाचा पुरस्कार करतात, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. लोकांमधील रूढ व्यवहारांतूनच कायदा घडावा, असा त्यांचा आग्रह आहे. औपचारिक मालकीच्या ज्या परिणामांची ते चर्चा करतात, त्यांत ‘व्यक्ती उत्तरदायी होते’ हा एक महत्त्वाचा परिणाम आहे. मीरा-भाईंदरचा इतिहास नेमक्या याच विधानाला छेद देतो.

१८७० मध्ये ब्रिटिश शासनाने घोडबंदर, भाईंदर व मीरा येथील जमिनी रामचंद्र लक्ष्मणजी यांना ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिल्या. खाडीचे खारे पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून बांध घालणे हे त्यामागील प्रयोजन होते. विसाव्या शतकात हे हक्क इस्टेट इन्व्हेस्टमेंट कंपनीकडे आले. १९५१ च्या साष्टी इस्टेटविषयक कायद्याने जमीन महसुलाची माफी रद्द केली; तरीही हक्कांचा प्रश्न मिटला नाही. शासन, भूधारक आणि कंपनी यांच्यातील वाद दीर्घकाळ न्यायालयांत चालले. दरम्यान भातशेती व मिठागरांच्या प्रदेशात शहर उभे राहिले. २००२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ८,०९,३७८ झाली. शेतीबरोबर बांधाचे प्रयोजन मागे पडले. बांधासाठी दिलेल्या हक्काचे मोल मात्र वाढत गेले. येथे दस्तऐवज टिकला, त्यातील कर्तव्य टिकले नाही.

सिद्धांताची दुसरी मर्यादा सामूहिक वापराच्या जमिनीसंबंधी आहे. उत्तन परिसरातील कोळी समाजाला बोंबील सुकविण्यासाठी मोकळी जागा लागते. अशा जागेचे मोल तिच्या विक्रीत नसून वर्षानुवर्षांच्या वापरात असते. मिठागरे व खारफुटी भरतीचे आणि पावसाचे पाणी सामावून घेतात. म्हणजेच बाजाराच्या हिशेबात ‘मृत’ दिसणारी भूमी परिसंस्थेच्या हिशेबात कार्यरत असते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ च्या अंतरिम आदेशाने व २०१८ च्या निर्णयाने खारफुटीला संरक्षण दिले. हे संरक्षण खाजगी मालकीच्या जमिनीवरील खारफुटीलाही लागू आहे, ही बाब विशेष लक्षणीय होय.

या दृष्टीने टांझानियाचाच १९९९ चा ग्रामभूमी कायदा अधिक उद्बोधक ठरतो. त्यात रूढीसिद्ध भोगवट्याला कायदेशीर मान्यता असून, गावाच्या जमिनीचे व्यवस्थापन ग्रामपरिषदेकडे आहे आणि ही परिषद ग्रामसभेला उत्तरदायी आहे. हक्काबरोबर जाब विचारणारी सभाही कायद्याने निर्माण केली आहे. त्याची अंमलबजावणी सर्वत्र समाधानकारक झाली असे म्हणता येणार नाही. परंतु त्यामागील तत्त्व निर्विवाद महत्त्वाचे आहे.

निष्कर्ष

सारांश, दस्तऐवजाचा अभाव हे गरिबीचे एक कारण असू शकते. परंतु त्याचे अस्तित्व ही सुशासनाची हमी नव्हे. जमीन कोणाची, याबरोबरच त्या जमिनीसंबंधी कोणाचे कोणते कर्तव्य आहे, ते न पाळल्यास जाब कोणी व कोठे विचारावा, हेही हक्कनोंदीत स्पष्ट असावे लागते. डी सोटो यांनी उत्तरदायित्व हे मालकीचे फलित मानले. मीरा-भाईंदरचा अनुभव पाहता ते मालकीची पूर्वअट मानणे अधिक युक्त ठरते. शाश्वत विकासाची कोणतीही भूमिनीती या अटीवाचून अपुरीच राहील.